रोजाबायची कच्ची माणसं

रोजाबाय कधी हसलीच नाही असं म्हटलं तर तिच्यावर अन्याय होईल. हसायची. कुणाच्या हातची नाताळाची चांदणी वाकडी झाली, कुणाचा फराळाचा कुलकुल कढईत फुटला, की पदर तोंडाला लावून खुसखुसायची आणि लगेच त्याच माणसाच्या हातावर चापट मारून म्हणायची, "परत कर." एवढंच तिचं हसू. एरवी तोंड असं की दारात आलेला भिकारीसुद्धा जरा मागं सरून मगच हात पुढं करायचा.

आमच्या ठाण्याच्या घराच्या परसात कमरेएवढी भिंत होती. भिंतीपलीकडे किरिस्तावांची आळी सुरू व्हायची, आणि आळीतलं अगदी पहिलं घर रोजाबायचं. मी लग्न होऊन आले तेव्हा प्लेग हा शब्द आमच्याकडे कुणी ऐकलेला नव्हता. आमचे हे कचेरीत लिहिण्याच्या कामावर, घरात सासूबाई आणि गोठ्यात एक गाय, एवढा आमचा संसार. पहिल्याच थंडीत मी परसात भांडी घासत बसले होते, तर भिंतीवरून हाक आली, "ए नव्या वैनी, पेंडा दे."

मी वर पाहिलं. काळीसावळी, हाडापेराने थोराड बाई. कानात जड कुड्या, लालभडक लुगडं ढोपराच्या वर कसलेलं, आणि दोन्ही हात कोपरापर्यंत चिखलाने भरलेले. मी घाबरून सासूबाईंकडे पाहिलं. सोवळ्याच्या बाबतीत आमच्या सासूबाई म्हणजे जमदग्नी! पण त्या आतूनच म्हणाल्या, "दे गं. तिच्या देवाच्या गोठ्याला लागतो. वरून टाक म्हणजे झालं, हाताला हात लावू नकोस."

"पेंड्याला कसला आलाय इटाल?" रोजाबाय भिंतीपलीकडून म्हणाली. "तुजी गाय खाती, माजी गाय निजती."

त्या दिवसापासून दरवर्षी नाताळाच्या आधी पेंढा द्यायचं काम माझ्याकडे आलं. आणि नाताळाच्या सकाळी भिंतीवर एक सुपली येऊन बसायची. सुपलीत नारळ, केळ्यांची फणी, गुळाची ढेप. शिजवलेलं काही नाही, कारण तिच्या हातचं आम्हाला चालायचं नाही, हे तिला ठाऊक होतं. आमचा दिवाळीचा फराळ मात्र ती चालवून घ्यायची आणि वर नावं ठेवायची. "चकली चांगली हाय वैनी, दात पडाया."

नाताळ हा पैसे खर्चायचा सण आहे हे तिच्या डोक्यातच नव्हतं. पंधरवडाभर तिच्या अंगणात आळीतली पोरं, त्यांच्या आया, म्हातारे कोतारे सगळे जमायचे, आणि ती मधे पाटावर बसून सगळ्यांना राबवायची. मोडक्या टोपल्यांच्या कांबी सोलून त्यांच्या चांदण्या बांधायच्या. वर डकवायला कागद आमच्या घरचा. कचेरीतले रद्दी झालेले मसुदे हे घरी आणायचे, ते मी भिंतीवरून द्यायचे. चिंचोक्याच्या खळीने कागद चिकटवायचा, हळदीच्या पाण्याने रंगवायचा, आणि वाळला की वर खोबरेल चोळायचं, म्हणजे आतल्या पणतीचा उजेड बाहेर येतो. एका वर्षी मामलेदारसाहेबांनी कुणावर तरी आग पाखडलेला एक खर्डा तिच्या शेजारणीच्या दारावर संध्याकाळभर लखलखत होता. आमचे हे वाटेने जाताना तो वाचून असे हसले की विचारू नका. रोजाबायला अक्षर कळत नव्हतं. ती म्हणाली, "हसाया काय झालं? उजेड पडतोय ना?"

करवंट्यांत माती घालून नाचणी पेरायची आणि वर टोपली झाकायची. ती उगवली की गोठ्याभोवतीचं गवत झालं. सावरीच्या कापसाची मेंढरं. गोणपाट चिखलात बुडवून वाळवलं की डोंगर. कुलकुल करायला प्रत्येक घरातून एक कोरी फणी यायची. पिठाची गोळी फणीच्या दात्यांवर अंगठ्याने दाबून वळली की तिच्यावर शिंपल्यासारख्या रेघा उठतात. पोरं शंभर वळतील तेव्हा दहा पसंत पडतील. पसंतीचा शब्द एकच, "बरा हाय." याहून मोठं कौतुक तिच्या तोंडून मी तरी ऐकलं नाही.

एकदा आळीतला कुणी मुंबईला साहेबाच्या घरी कामाला होता, त्याने तिथून चिनी मातीचा बाळ येशू आणला. गोरापान, सोनेरी केसांचा, डोळे निळे, उघडे. सगळी आळी बघायला लोटली. आता हाच गव्हाणीत ठेवायचा, असं त्याची बायको म्हणाली. रोजाबायने तो हातात घेतला, उलटा केला, खालून पाहिला आणि परत दिला. "इकत आनलेला जेजू झोपत नाय. डोलं बग कसं टकटक उगडं." ती बाई रडत पाद्रीबाबांकडे गेली. पाद्रीबाबा आले, समजूत घालू लागले. रोजाबाय म्हणाली, "बाबा, ठेवते ना. मी कुटं नाय म्हनलं? पावना म्हनून ठेवते." आणि तिने तो बाळ गोठ्याच्या दाराशी, तीन राजांच्या पलीकडे उंटाशेजारी ठेवला. गव्हाणीत तिचा मातीचाच निजला. त्याचे डोळे ती नुसते नखाने ओढायची, मिटलेले.

आता तिच्या माणसांबद्दल सांगते. कारण रोजाबाय म्हणजे चांदण्या नव्हेत नि कुलकुल नव्हेत. रोजाबाय म्हणजे ती माणसं.

गोठ्यात येशू, मरियाबाय, जुजेबाबा हे असतातच, पण तिच्या गोठ्यात सगळी आळी असायची. आळीत मूल जन्मलं की त्या वर्षीच्या नाताळाला रोजाबाय त्याचं वीतभर माणूस करायची, खाडीच्या काळ्या चिखलाचं. कुणी मेंढरू धरलेलं, कुणी ताडीचा घडा घेतलेलं, कुणी टोपली उचललेली. नाक मात्र ती करायची नाही. नाक त्या मुलाच्या घरच्यांनी करायचं. "नाक चुकलं तर मना शिव्या नको," म्हणायची. त्यामुळे तिच्या गोठ्यात नाना तऱ्हेची नाकं होती. स्वतःला तिने विहिरीपाशी उभं केलं होतं, काखेत सुपली घेतलेली म्हातारी. तरुण होती तेव्हाच तिने स्वतःची म्हातारी करून ठेवली होती. "परत परत कोन करल?" बाहुल्या म्हटलेलं तिला खपायचं नाही. मानसं! वर्षभर ती माणसं पेंढा घातलेल्या करंडीत असायची. नाताळाच्या आधी बाहेर काढताना ती त्यांच्याशी बोलायची, "उटा, पाय मोकलं करा."

एका कुंभाराने एकदा सगळी माणसं फुकट भट्टीत भाजून देतो म्हटलं. पक्की होतील, पिढ्यान् पिढ्या टिकतील. ती त्याच्या अंगावरच धावली. "भाजलेला मानूस परत मातीत कसा जायचा?"

याचा अर्थ मला ज्या वर्षी कळला ते वर्ष कुणाच्या वाट्याला न येवो. आमची लेक गोदू तापाने गेली. पाच वर्षांची होती. तिचं माणूस रोजाबायने आम्हाला न विचारता कधीच करून ठेवलं होतं, डोक्यावर पेंढ्याचा भारा घेतलेली पोर, नाक तेवढं राहिलेली. त्या नाताळाच्या आधी ती भिंतीपाशी आली, या वेळी हात धुऊन आलेली. म्हणाली, "वैनी, तुजी पोर पान्यात सोडू का? तू हो म्हनलीस तरच. तिच्या अंगावरचं एकादं फडकं दे."

मी परकराचा तुकडा दिला. तिने गोदूचं माणूस माझ्यासमोर त्यात गुंडाळलं, बाळंतिणीच्या हातातलं मूल गुंडाळतात तसं, आणि घागरीतल्या पाण्यात अलगद सोडलं. सगळे आपापल्या घरी गेले. फडकं मधे कुणी सोडून बघायचं नाही, हा नेम. दुसऱ्या दिवशी फडक्यात नुसता मऊ चिखल राहिला होता. तो तिने नव्या चिखलात मळला आणि त्याचं त्या वर्षी जन्मलेल्या एका कोळ्याच्या पोराचं माणूस केलं. मी भिंतीशी उभी राहून रडले, खूप रडले. आमच्यात गोदूचे सगळे विधी झाले होते, पण पोर गेली हे माझ्या मनाने घेतलं ते त्या दिवशी. आळीतही तसंच होतं. चर्चमध्ये मिस्साची प्रार्थना होवो, दफन होवो, रोजाबायने पाण्यात सोडल्याशिवाय आळीच्या लेखी माणूस गेलेला नसायचा.

रोजाबायचा नवरा ताडावरून पडून मेला. मुलगा जुजे, तोही ताडी काढायचा. उंच, हसरा, आईचं सगळं हसू त्याच्या वाट्याला आलेलं. त्याचं माणूस एक हात वर करून कोयता धरलेलं होतं. लहानपणी खेळताना त्याने स्वतःच स्वतःचा तो हात मोडला. रोजाबायने त्याला बदडलं आणि मग चांदणीच्या कांबीची एक काडी आत खुपसून हात परत बसवला. ती काडी खांद्यातून थोडी बाहेर आलेली कायम दिसायची. पोरं जुजेला चिडवायची, "जुजे, तुजं हाड भायेर आलंय!"

मग सरकारने ताडीवर कर वाढवला. वाढवला म्हणजे असा की झाड चढायचं म्हणजे तोट्यात जायचं. त्या नाताळाला आळीत फुगे, म्हणजे तळलेले गोल पाव, झाले नाहीत, कारण फुग्यांचं पीठ ताडीवर फुगतं. रोजाबायने हार मानली नाही. भाताची पेज आंबवून त्यात पीठ भिजवलं. जे झालं ते दगड होतं. पोरांनी एकमेकांना फेकून मारले. रोजाबायने एक उचलून चावला, बराच वेळ चावला आणि म्हणाली, "बरा हाय." खोटं बोलताना मी तिला पाहिलेलं ते पहिल्यांदा.

ताडीचं काम संपलं तसा जुजे मुंबईला गोदीत लागला. घरी बायको कातरीन आणि लहानगी मुलगी फिलू. तो दर नाताळाला यायचा. येताना काही विकत आणायचं नाही अशी आईची ताकीद होती, म्हणून गोदीतल्या पेट्यांना बांधलेल्या रंगीत सुतळ्या गोळा करून आणायचा. त्या सुतळ्यांच्या माळा आळीभर लागायच्या.

प्लेग आला त्या नाताळाला जुजे आला नाही.

पुढं काही दिवसांनी त्याच्या खोलीत राहणारा आंद्रू आला, चालत, रानारानाने, ठेसनावर नाडी बघतात म्हणून गाडीत न बसता. अंगणात बसून त्याने सांगितलं, की जुजेच्या जांघेत गाठ आली, प्लेगाची गाडी आली, त्याला घालून इस्पितळात नेलं. परत आला नाही. त्या इस्पितळातून कोण परत येतं?

रोजाबाय तांदूळ पाखडत होती. ती पाखडायची थांबली नाही. "मेलेला तू पायलास?"

"नाय, पन काकी..."

"मग गप."

पुढल्या महिन्यांत ठाण्यातच प्लेगाने हातपाय पसरले. ते सगळं सांगायला मला आता धीर होत नाही. उंदीर पडायचे, मग माणसं. घरांची कौलं उतरून आत ऊन सोडलं. कपडे, अंथरुणं, चिंध्या, सगळं जाळलं. आम्हाला गावाबाहेर माळावर झावळ्यांच्या झोपड्यांत राहायला लावलं, आणि तिथं सोवळं, ओवळं, भिंत, काही उरलं नाही. आमच्या झोपडीपासून चार झोपड्या सोडून रोजाबायची झोपडी. लोकांनी भांडीकुंडी आणली होती. तिने डोक्यावर करंडी आणली होती. करंडीतला पेंढा जाळायला लावला तेव्हा तिने मुकाट्याने दिला आणि माणसं उघडी, एकमेकांना टेकून ठेवली. सासूबाई आमच्या झोपडीतच वारल्या. त्यांचं माणूस तिने कधी केलं नव्हतं. "त्या रागावल्या असत्या," म्हणाली.

प्लेग आल्यानंतरचा दुसरा नाताळ माळावरच जवळ आला. कातरीन तोपर्यंत मिठागरात कामाला जायला लागली होती. मिठाने पायांना भेगा पडून रक्त यायचं. फिलूच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशी पोर. अशात पाद्रीबाबांनी निरोप आणला. कल्याणला रेल्वेत बस्त्यांव नावाचा रूळ बदलणारा एक सांधेवाला होता, बायको मेलेला, राहायला कंपनीची पक्की खोली. तो कातरीनला बायको करायला तयार होता, फिलूसकट. जुजे गेला हे पाद्रीबाबांना आंद्रूच्या शब्दावर पटलं होतं. कातरीन मात्र म्हणाली, "आई पान्यात सोडल तवा मी मानीन. त्या आदी नाय."

आता सगळं रोजाबायवर आलं. ती पोरांना घेऊन नाचणी पेरायची, झावळीच्या हिरांच्या चांदण्या बांधायची, त्यावर लावायला यांनी जुने कागद आणून दिले ते डकवायची. पण चापट नाही, "परत कर" नाही. वाकडी चांदणी तशीच टांगून ठेवायची. मला ते बघवेना. मी स्पष्ट बोलणारी बाई. पेंढा द्यायला गेले तेव्हा म्हटलं, "रोजाबाय, पोरीकडे बघा. ती मिठागरात पुढलं वर्ष काढायची नाही. आणि ही चिमुरडी तर नाहीच नाही."

"दिसतंय मना."

"मग?"

"वैनी, तुजी गोदू तुज्या मांडीवर गेली," ती म्हणाली. "मांडीवर. मना कोनी काय दाकवलंय? एक आंद्रू. आंद्रू तर कवड्याची ताडी पिऊन गावभर मेलेली मानसं बगतो." मग बराच वेळ तिने पेंढ्याच्या काड्या सारख्या केल्या. "तो मेला असता तर मना कललं असतं."

प्रत्येक आईला असंच वाटतं, असं मनात आलं.

आणि मग तो दिवस आला. त्या वर्षी घागर पुरली नसती, म्हणून रांजण भरला होता. झोपड्याझोपड्यांतून माणसं फडकी घेऊन आली. फडकी तरी कसली, जाळण्यातून वाचलेल्या चिंध्या. एकेक माणूस करंडीतून निघायचं, रोजाबाय सगळ्यांसमोर गुंडाळायची, रांजणात सोडायची. कुणी रडत नव्हतं. रडायचं ते आधीच रडून झालं होतं. एका घरातून आई, बाप आणि दोन पोरं एकाच फडक्यात गेली, कारण दुसरं फडकं नव्हतं.

सगळ्यात शेवटी कातरीन उठली. तिच्या हातात जुजेच्या सदऱ्याची बाही होती. ती तिने सासूपुढं धरली आणि मान खाली घातली. फिलू तिच्या लुगड्याला धरून उभी होती.

रोजाबायने बाही घेतली. मला वाटलं, आता ही फेकून देणार. पण ती उठली, करंडी उचलली आणि झोपडीत गेली. आम्ही थांबलो. आली तेव्हा बाहीत गुंडाळलेलं माणूस तिच्या हातात होतं. तिने ते छातीशी धरलं नाही की काही नाही. सरळ रांजणात सोडलं, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत बघत राहिली आणि मग मोठ्याने, सगळ्या माळाला ऐकू जाईल अशी म्हणाली, "जुजे गेला. मी सांगते."

कातरीनने तिथंच बसकण मारली आणि हंबरडा फोडला. वर्षभर आत धरून ठेवलेलं सगळं बाहेर आलं. बायांनी तिच्या बांगड्या उतरवल्या. रोजाबाय फिलूला घेऊन बाजूला गेली.

दुसऱ्या दिवशी चिखल मळायला फिलूला बसवलं होतं. माळावर त्या वर्षी एकच मूल जन्मलं होतं, त्याचं माणूस करायचं होतं. पोर इवल्या हातांनी मळत होती आणि चिखल लोण्यासारखा मऊ येत होता. मी बघत होते. काहीतरी चुकतंय असं मला वाटत राहिलं, काय ते कळेना.

इस्टर झाल्यावर कातरीनचं लग्न झालं आणि ती कल्याणला गेली. जाताना रोजाबायने तिला कुलकुलाची फणी दिली आणि फिलूला फिलूचं माणूस. "बस्त्यांवच्या पोरांची पन मानसं कर," कातरीनला म्हणाली. "नाक त्याला करू दे." ठेसनावर ती गेली नाही. दुपारी मी तिच्याकडे डोकावले तर ती झोपडीत उताणी पडून होती, दिवसाउजेडी. मी तिला कधी दिवसा आडवी पाहिली नव्हती.

पुढल्या नाताळाला आम्ही परत आपापल्या घरांत होतो. आळीतली कितीतरी दारं बंद होती. मी पेंढ्याचा भारा घेऊन या वेळी भिंतीवरून न टाकता फिरून तिच्या दारातून आत गेले. नको म्हणायला आता सासूबाई नव्हत्या. रोजाबाय गोठा मांडत होती, एकटी. डोंगर, नाचणी, मेंढरं, उरलीसुरली माणसं. मी बघत बसले. विहिरीपाशी जागा रिकामी होती.

"रोजाबाय, तुम्ही कुठं आहात?"

"कोन?"

"सुपलीवाली म्हातारी. विहिरीपाशी असते ती."

तिने वर पाहिलं नाही. "म्हातारीकडं कोन बगतंय?"

आणि तेव्हा मला तो मऊ चिखल आठवला. लोण्यासारखा. पोरीच्या हातांना काही टोचलं नव्हतं. जुजेच्या खांद्यात कांबीची काडी होती, ती पाण्यात विरघळायची थोडीच? मी तिचा हात धरला, आयुष्यात पहिल्यांदा.

"रोजाबाय, त्या दिवशी तुम्ही रांजणात कुणाला सोडलंत?"

"तुजी नजर लई वाईट," ती म्हणाली. मग उठून तिने नाचणीच्या मडक्यात हात घातला, कोपरापर्यंत, आणि जुजेला बाहेर काढलं. हात वर, कोयता धरलेला, खांद्यातून काडी बाहेर.

"जित्या मानसाला कसं बुडवू, सांग ना?" ती म्हणाली. "कातरीनला मोकलं व्हायचं व्हतं. मना माजा पोर पायजे व्हता. कोनीतरी पान्यात जायलाच पायजे व्हतं, तर मी गेले."

"आणि तो परत आला तर? तिने दुसरं लग्न केलंय. पाद्रीबाबांना तुम्ही..."

"ते पाप माजं. मी मेलेली हाय, मना काय कोन करतंय?" तिने जुजेच्या अंगाला चिकटलेले नाचणीचे दाणे फुंकले. "आला तर सगल्यांत आदी मना सांगल. मग मी बगीन."

मी घरी येऊन यांनासुद्धा काही बोलले नाही. कुणाला सांगणार आणि काय सांगणार? कल्याणला एक पोर पोटभर जेवत होती. इथं एक म्हातारी मडक्यात हात घालून रोज बघत होती, की मुलगा आहे ना.

ती त्यापुढं फार जगली नाही. प्लेग नव्हे, साधा खोकला. कातरीन आणि फिलू कल्याणहून आल्या, बस्त्यांव आला. दफन झालं, आणि त्या नाताळाआधी आळीतल्या उरलेल्या बायांनी करंडी उघडली. आता रोजाबायला पाण्यात सोडायचं होतं, आणि ते काम फिलूने करायचं असं ठरलं होतं. पोर आजीच्या लाल लुगड्याचा तुकडा घेऊन बसली होती. करंडी उलथीपालथी केली, पेंढा झटकला, घर धुंडाळलं. म्हातारी सापडेना. "आजीनं सोताची केली नवती का?" फिलू विचारत राहिली. कातरीन म्हणाली, "व्हती गं, इरीपाशी व्हती. कुटं गेली?" मला सगळं ठाऊक होतं. पण रोजाबाय कुठं गेली हे सांगायचं तर जुजे कुठं आहे हेही सांगावं लागलं असतं, आणि समोर कातरीन नव्या नवऱ्याजवळ बसली होती, पोटुशी. मी जीभ चावून बसले. शेवटी त्यांनी रिकामं फडकंच पाण्यात सोडलं.

मी तिला शेवटची पाहिली ती तिच्या मरणाच्या थोडं आधी, पावसाळा तोंडावर असताना. खोकला वाढला होता, घर गळायला लागलं होतं. मी गाईला पाणी दाखवत होते, तर भिंतीवरून हाक आली. पहिल्या वर्षीसारखीच. "वैनी!"

ती भिंतीला धरून उभी होती, धाप लागलेली. पदरात काहीतरी होतं. तिने ते माझ्या हातात दिलं, हाताला हात लावून.

"गाईच्या गव्हानीपाशी ठेव. वर, माच्यावर, पेंड्यात," ती म्हणाली. "माज्या घरात आता पाऊस येनार. त्याला पानी लागू देऊ नको."

"नाही लागू देणार."

"बरा हाय ना? उबा रातो?"

मी त्याला भिंतीवर उभं करून दाखवलं. उभा राहिला. तिने मान हलवली आणि भिंतीला धरत धरत घराकडे वळली. मागं वळून पाहिलं नाही.

आता गाय नाही, गोठा नाही, तो आळीतला गोठाही कुणी मांडत नाही. जुजे माझ्या फडताळात आहे, पेंढ्यात. दर पावसाळ्यात मी त्याला हात लावून बघते. अजून कोरडा आहे.